बीडाचे बंद महिने

दिवाळी होईपर्यंत बीडात विळा लावायचा नाही, हा माळव्यातला जुना दंडक. बीड म्हणजे राखीव गवताळ रान. महाराष्ट्रात त्याला कुरण म्हणतात. आषाढात पहिला दमदार पाऊस झाला की बीड बंद होई. गुरे बाहेर निघत, राखणदार बसे आणि कार्तिकापर्यंत आत कुणी पाऊल टाकत नसे. नियम गवतासाठी होता. घोड्यांना, बैलांना, दुभत्या जनावरांना वर्षभर पुरेल एवढा वाळला चारा मिळावा, इतकाच त्याचा हेतू. पण त्या बंद महिन्यांच्या आडोशाला एक पक्षी पिढ्यान् पिढ्या निर्धास्तपणे अंडी घालत आला. तो पक्षी म्हणजे तणमोर. आमच्या माळव्यात त्याला खरमोर म्हणतात, आणि पुढे मीही तेच म्हणणार आहे, कारण या पक्ष्याची ओळख मला त्याच नावाने झाली.

आमचे घर उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून हाकेच्या अंतरावर. आजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या महसूल खात्यात कारकून होते. बीडांच्या गवताचे लिलाव, त्यांची वसुली आणि राखणदारांचे पगार हे त्यांचे काम. त्यांच्या मोडीतल्या वह्या आमच्याकडे अजून आहेत. रकमांच्या आकड्यांखाली त्यांनी आणखी एक जमाखर्च लिहिला आहे: मृगाचे किडे कधी दिसले, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की सखल जागी, खरमोर कोणत्या तिथीला बोलला, करकोच्यांचे थवे कोणत्या दिशेने गेले. सरकारला हे नको होते. लिलावाला आलेल्या ठेकेदाराला मात्र हवे असे. पाऊस कसा जाईल यावर गवत अवलंबून, आणि गवतावर बोली. मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात नोकरी काढली. या वह्या वाचायला म्हणून मोडी शिकले आणि तेव्हापासून माळव्याच्या गवताचा नाद लागला तो लागलाच.

या निरीक्षणाची परंपरा किती जुनी, हे उज्जैनच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत लगेच पडणाऱ्या पावसाची लक्षणे दिली आहेत. मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या, साप झाडावर चढू लागले, मांजरे नखांनी जमीन ओरबाडू लागली, गाई उगाच उड्या मारू लागल्या, तर पाऊस जवळ आला असे समजावे. ग्रहगणित करणारा हा माणूस मुंग्यांकडेही तितक्याच बारकाईने पाहत होता, याचे मला फार अप्रूप वाटते. त्याचे गाव कपित्थ म्हणजे उज्जैनजवळचे आजचे कायथा, असे परंपरा मानते. त्याच कायथ्याच्या टेकाडात उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९६० च्या दशकात उत्खनन करून ताम्रपाषाण काळातली एक स्वतंत्र संस्कृती उजेडात आणली. त्याआधी १९५७ मध्ये त्यांनी भीमबेटकाच्या गुहा शोधल्या होत्या. तिथल्या खडकांवर हरणे, रानगवे, मोर आहेत. काही मादी जनावरांच्या पोटातले पिल्लूसुद्धा काढलेले आहे. कोणते जनावर कधी गाभण असते हे नीट ठाऊक असलेल्या माणसांची ती चित्रे आहेत.

कालिदासाच्या मेघदूतात शिप्रेचा पहाटवारा सारसांचे ओरडणे लांबवर पोहोचवतो. आज उज्जैनकराला सारस ऐकायचा असेल तर इंदूरजवळच्या यशवंत सागराकडे जावे लागते. सारसांकडे जहांगीर बादशहाचेही लक्ष होते. १६१७ मध्ये तो उज्जैनला जदरूप गोसाव्याच्या भेटीला आला होता. त्याच सुमाराच्या प्रवासात त्याने आपल्याबरोबरच्या सारसांच्या जोडीवर पाळत ठेवली. लैला आणि मजनू ही त्यांची नावे. नर-मादी आळीपाळीने अंडी कशी उबवतात आणि पिल्लू बाहेर यायला ३४ दिवस कसे लागले, हे त्याने आपल्या आत्मवृत्तात उतरवले. पण हे सारे कवी आणि बादशहा. माझा जीव गुंततो तो बीडाच्या राखणदारात, कारण वर्षभर तिथे बसून पाहणारा तोच होता.

बीडाची व्यवस्था पक्की बसली ती घोड्यांमुळे. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला ठाणे केले आणि माळव्यात मराठी घोडदळाचा राबता सुरू झाला. मराठी फौजांचे वर्ष पावसाळ्याला धरून चाले. चार महिने छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग मुलूखगिरी. छावणीत घोड्याला ओला चारा मिळे, पण स्वारीसाठी वाळलेल्या गवताच्या गंजी लागत. पेशव्यांच्या मुलखात सरकारी कुरणे याचसाठी राखलेली असत. माळव्यात त्याच कामाला बीडे होती. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, डिसेंबर १८१७ मध्ये महिदपुरात शिप्रेकाठी होळकरांचे सैन्य हरले, जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानची घडी इंग्रजी पद्धतीने बसवली. एवढ्या उलथापालथीत बीडे तशीच राहिली. फौजा बदलल्या तरी घोडे गवतच खात होते. संस्थानांच्या पागांना आणि महूच्या लष्करी छावणीला तर चारा लागेच.

आता हे गवत जवळून पाहू. माळव्याच्या काळ्या जमिनीत आणि मुरमाड उंचवट्यांवर मारवेल, पवन्या, कुसळी ही मुख्य गवते. भारताच्या गवताळ भागांचे व्यवस्थित वर्गीकरण दबडघाव आणि शंकरनारायण यांनी केले. त्यांचा ग्रंथ १९७३ मध्ये निघाला. त्यात हा सगळा पट्टा पवन्या आणि मारवेल यांच्या नावाने ओळखला जाणाऱ्या गटात आहे. मारवेल जनावराला सर्वांत आवडते. तिचे पाते मऊ, कांड्यावर पांढऱ्या लवेची गाठ, आणि कणसे हाताच्या बोटांसारखी एका जागेतून फुटलेली. कुसळीचे सगळे वेगळे. तिच्या बीजाला टोकदार, केसाळ नाक असते आणि मागे बोटभर लांबीचे काळपट कुसळ. अशी कुसळे आश्विनात एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. वर्गात मी एक कुसळ मुलींच्या तळहातावर ठेवी आणि वर पाण्याचा थेंब सोडी. क्षणभर काही होत नसे. मग कुसळाचा पीळ सुटू लागे आणि ते तळहातावर सावकाश गोल फिरे. मुली हात झटकून मागे सरत. वाळले की पुन्हा पीळ बसतो. रात्रीच्या दवाने सुटायचे आणि दुपारच्या उन्हाने आवळायचे, असे करत ते बीज स्वतःला जमिनीत खुपसून घेते. मेंढीच्या लोकरीत आणि धोतरात ते याच रीतीने शिरते.

विळा दिवाळीनंतरच का, याचे उत्तर इथे आहे. भाद्रपदात गवत कापले तर ते सकस असते, पण वाळवायला ऊन नाही, गंजीत कुजते. आश्विनात कुसळी ऐन कुसळांवर असते, तेव्हाचा चारा जनावराच्या तोंडात रुततो. कार्तिकात पाऊस सरतो, ऊन कोरडे होते, कुसळे गळून पडतात, मारवेलीचे बी जमिनीवर सांडून पुढच्या वर्षाची सोय झालेली असते. मग पहाटेपासून विळे चालतात, पेंढ्या बांधल्या जातात आणि गंजी रचल्या जातात. कापणीनंतर शिमग्यापर्यंत आणि पुढे वैशाखापर्यंत गुरांना मोकळीक. त्यामुळे जुने राठ ताट उरत नाही, बाभळीची रोपे वाढत नाहीत आणि पहिल्या पावसाला नवे गवत एकसारखे उठते.

खरमोराला नेमके हेच हवे असते. नराला नाचायला आखूड गवताची मोकळी जागा लागते, आणि मादीला बसायला गुडघ्याएवढे दाट गवत. बीड कापलेच नाही तर ते रानटी होते, झुडपे माजतात आणि पक्षी येत नाही. पावसाळ्यात चारले तर आडोसा उरत नाही, गुरांच्या पायाखाली अंडी जातात. मादी श्रावण-भाद्रपदात जमिनीवरच तीन-चार अंडी घालते, एकटीच तीन आठवडे उबवते, आणि पिल्ले उडती होईपर्यंत आश्विन उजाडतो. दिवाळीनंतर विळा येतो तेव्हा बीड रिकामे झालेले असते. गवतवाल्यांचा आणि खरमोराचा हा मेळ कुणी बसवला नाही. दोघेही एकाच पावसाच्या तालावर चालत होते म्हणून तो बसला.

नराचा नाच एकदा तरी पाहावा असा आहे. रतलाम जिल्ह्यातल्या सैलान्याच्या रानात श्रावणातल्या ढगाळ सकाळी तुम्ही बांधाकडेला उभे असता. समोर ओले गवत, त्यावर दवाचे जाळे, लांब कुठेतरी पावशा ओरडतोय. तेवढ्यात गवतातून काहीतरी सरळ वर उसळते. काळा पक्षी, खांद्यावर पांढरा पट्टा, मान मागे टाकलेली, पाय पोटाशी घेतलेले, पंख भराभर फडफडतायत. पुरुषभर उंच जातो, तिथे पळभर टिकल्यासारखा वाटतो आणि दगडासारखा खाली पडून गवतात नाहीसा होतो. मग आवाज पोहोचतो, बेडकाच्या कोरड्या डरकीसारखा, पंखांनी काढलेला. दुर्बिणीतून पाहिले तर डोक्यामागे तंतूंसारखी पिसे दिसतात, टोकाशी चपटी झालेली. पुढचे काही क्षण तुम्ही त्याच जागी नजर लावून असता, आणि तो पुन्हा त्याच जागेवरून उसळतो. नर आपली जागा धरून राहतो आणि ऐन हंगामात दिवसाला शेकडो उड्या मारतो. कोंबडीएवढा हा पक्षी, वजनाला अर्धा किलोही नाही. मादी त्याच्याहून थोडी भारी. उंच गवतात लपलेल्या मादीला आपण कुठे आहोत ते कळावे, म्हणून हा सारा खटाटोप.

मादीला जे कळते ते बंदूकवाल्यालाही कळते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी या पक्ष्याला ‘लीख’ म्हणत आणि पावसाळ्यात त्याची शिकार करत, कारण एरवी तो दिसतच नाही. जर्डनने १८६० च्या दशकात भारतातल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याच्या उड्यांचे वर्णन आहे. पुढे ह्यूम आणि मार्शल यांनी शिकारी पक्ष्यांवरचे खंड काढले. विणीच्या दिवसांत खरमोर मारण्याच्या चालीवर त्यांनी आक्षेप घेतला. या पक्ष्याचा पहिला खोल अभ्यास मात्र एका राजघराण्यातल्या माणसाने केला. भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांनी या पक्ष्याच्या प्रणयनाचावर लिहिलेला लेख १९५० मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. काठेवाडातही गवताची राखीव राने होती, तिकडे त्यांना वीडी म्हणतात, आणि तिथेही पक्षी टिकला तो त्याच कारणाने.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, टावर चौकात टांगे उभे असत. घोड्यांसाठी गवताचे भारे घेऊन बाहेरगावच्या बाया सकाळी येत, टावरच्या सावलीत बसत आणि दुपारपर्यंत भारे विकून परतत. संध्याकाळी आज जिथे पोह्यांच्या आणि साबुदाणा खिचडीच्या गाड्या लागतात, तिथे तेव्हा गवताचा वास असे. आजोबा निवृत्त झाले होते, पण रोज तिथे फेरी मारत आणि या बायांकडून रानाची खबर घेत. टिटवी कुठे बसली, मृगाचे लाल मखमली किडे निघाले का, बीडाच्या बाजूला खरमोर बोलला का. त्यांच्यापैकी कुणालाही पक्षिनिरीक्षण हा शब्द माहीत नव्हता. टिटवीने चार अंडी टोके आत करून ठेवली असली तर चार महिने पाऊस, उंचावर घातली असली तर नदीला पूर, असा त्यांचा अदमास. तो दरवर्षी खरा ठरे असे नाही. पण अंडी कुठे आहेत हे त्यांना बिनचूक ठाऊक असे. आजोबांच्या वह्यांमधल्या निम्म्या नोंदी त्या बायांच्या आहेत.

वर्षाचे बाकीचे महिने मी भराभर सांगते. गवत कापून झाले की भोवत्ये येतात. मध्य आशियातून उतरलेले हे सडपातळ शिकारी पक्षी कापलेल्या बीडावरून हातभर उंचीने तिरपे तरंगत जातात आणि टोळ, उंदीर उचलतात. पौषात चंबळेच्या बाजूने करकोचे हरभऱ्याच्या शेतांत उतरतात. त्यांना इकडे कुरजां म्हणतात. फाल्गुनात पळस फुलला की भोरड्यांचे थवे परतीच्या वाटेवर दिसतात. चैत्र-वैशाखात रान रिकामे भासते, पण तेव्हाच धाविक आणि टिटव्या उघड्या मुरमावर अंडी घालतात, आणि खोकडाची पिल्ले बिळाबाहेर उन्हाला बसतात. ज्येष्ठ संपता संपता चातक येतो. मग बीड बंद.

ही व्यवस्था मोडली ती एका दिवसात नव्हे. १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५१ मध्ये जमीनदाऱ्या आणि जहागिऱ्या गेल्या. बीडे महसूल खात्याकडे आली किंवा वाटली गेली. ते योग्यच होते असे मी मानते. भूमिहीनाला जमीन मिळू नये आणि राजाच्या घोड्यांचे गवत राहावे, असे कोण म्हणेल? पुढे गावांच्या चरनोई म्हणजे गुरचरण जमिनीचे प्रमाणही सरकारने टप्प्याटप्प्याने कमी करत २ टक्क्यांवर आणले, तेही बव्हंशी भूमिहीनांना देण्यासाठी. दुःख याचे, की जमीन वाटताना कुणी गवताचा विचार केला नाही. टांगे गेले, ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. वाळल्या गवताला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा राखणदारही उरला नाही.

त्याहून मोठा फरक सोयाबीनने केला, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. माळव्याच्या काळ्या जमिनीत पूर्वी पुष्कळ शेतकरी खरिपात शेत पडीक ठेवत. पावसाळाभर ओल मुरवायची आणि रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी रीत. कठिया गव्हाची बाटी आणि बाफले आम्ही खात आलो ते याच रीतीच्या जोरावर. बीडाच्या शेजारची ही पडीक शेतेही पावसाळ्यात गवताने भरत आणि खरमोर तिथेही उतरे. १९७० नंतर सोयाबीन आले, आणि वीस वर्षांत खरिपातले पडीक रान दिसेनासे झाले. शेतकऱ्याच्या हातात दिवाळीला पैसा आला. १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र उघडले. पण बंद महिन्यांपैकी आषाढ ते भाद्रपद हेच आता फवारणीचे आणि कोळपणीचे महिने झाले. पक्ष्याला जेव्हा शांतता हवी तेव्हाच शेतात सर्वांत जास्त वर्दळ.

दुष्काळ तर असतोच. खरमोर पावसाच्या मागे येतो. पाऊस नाही तर त्या वर्षी पिल्ले नाहीत. १९८२ मध्ये पश्चिम भारतात ४,३७४ खरमोर असावेत असा अंदाज निघाला होता. मधली दुष्काळी वर्षे गेली आणि १९८९ मध्ये आकडा १,६७२ वर आला. रवी शंकरन या तरुण संशोधकाने नंतर गवताळ राने पिंजून काढली. १९९४ मध्ये २,२०६ आणि १९९९ मध्ये ३,५३० असे त्यांचे अंदाज. म्हणजे पाऊस बरा झाला आणि गवत राखलेले असले की पक्षी सावरतो, हे त्यांनी दाखवून दिले. विणीच्या काळात चराई आणि कापणी बंद हवी, एरवी गवताचा वापर झाला तरी चालतो, बऱ्याच वेळा हवाच, असे त्यांचे सांगणे. आजोबांच्या लिलावाच्या अटींत हेच होते. शंकरन २००९ मध्ये अकाली गेले. २०१७ च्या पाहणीत देशभरातला आकडा सातशेच्या आत आला, आणि २०२१ पासून हा पक्षी जगाच्या अतिधोक्यातल्या यादीत आहे.

मध्य प्रदेशाने काही केले नाही असे नाही. १९८३ च्या जूनमध्ये दोन खरमोर अभयारण्ये जाहीर झाली, रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर. यामागे सालिम अली यांचा आग्रह होता. सैलाना हे राठोडांचे छोटे संस्थान. तिथले जुने राखीव गवत बऱ्यापैकी अखंड मिळाले, आणि वनखाते ते पावसाळ्यात बंद ठेवते. सैलान्याचे अभयारण्य जेमतेम १३ चौरस किलोमीटर. सरदारपूरचे जाहीर झाले तेव्हा ३४८. एवढ्या मोठ्या हद्दीत गावे आली, खासगी शेते आली, जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडथळे आले आणि खरमोराचे नाव काढले की लोक चिडू लागले. शेतात खरमोर दिसला की शेतकऱ्याने कळवावे आणि बक्षीस घ्यावे, अशी योजना वनखात्याने आणली. ती मला या सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण तीत शेतकऱ्याला पुन्हा राखणदार केले आहे. तरीही आज दोन्ही ठिकाणी खरमोर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. शिवपुरी जिल्ह्यातल्या करैऱ्याची गोष्ट डोळ्यांपुढे आहेच. तिथे १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, हद्दीवरून वाद पेटले, माळढोक संपला आणि २०२२ मध्ये अभयारण्यही रद्द झाले.

मला वाटते, आपण जमीन राखायला गेलो आणि महिने राखायचे विसरलो. पक्ष्याला वर्षभर हद्द नको आहे. त्याला आषाढ ते आश्विन एवढे चार महिने हवे आहेत, आणि त्याआधी वेळेवर झालेली कापणी. हे गाव करू शकते. पंचायतीकडे जी थोडी चरनोई उरली आहे, तिथे पावसाळ्यात गुरे न घालण्याचा ठराव करता येतो. गवत दिवाळीनंतर कापून गोशाळांना विकता येते. माळव्यात आज गोशाळांची संख्या मोठी आहे आणि सगळ्या चाऱ्यासाठी रडत असतात. पैशाचे कोष्टक आजोबांच्या वह्यांतून काढता येईल इतके सरळ आहे. मी काही सरपंचांशी बोलले आहे. एका ठिकाणी होकार आला आहे, दोन ठिकाणी विचार करू म्हणाले, आणि एका ठिकाणी चरनोईवर सौर पॅनेल लागणार असल्याचे कळले.

शेवटी एक मागणी महाराष्ट्रातल्या वाचकांकडे. माळव्यातले खरमोर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून जातात आणि दक्षिणेकडे पांगतात. दख्खनचे पठार त्यांच्या हिवाळी मुलखात येते. आजोबांच्या वह्या तिथेच थांबतात. पुढचे सहा-सात महिने हे पक्षी कुठे असतात, काय खातात, कशाने मरतात, याच्या नोंदी अतिशय तुटपुंज्या आहेत, कारण हिवाळ्यात नर काळा राहत नाही आणि उड्याही मारत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत ज्वारीच्या, तुरीच्या, करडईच्या शेतात किंवा माळावर कार्तिक ते वैशाखात असा पक्षी दिसला तर लक्ष द्या: आकार कोंबडीचा, मान आणि पाय लांब, अंग वाळल्या गवताच्या रंगाचे आणि त्यावर काळ्या बाणासारख्या खुणा, चालता चालता अचानक दबून बसणारा, उडाला की पंखांत पांढरे दिसणारे. नराच्या पंखात पांढरे जास्त असते. तारीख, गाव, शेतातले पीक आणि शेजारी विजेच्या तारा होत्या का, एवढे चार तपशील लिहून ठेवा आणि वनखात्याला किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मेलेला सापडला तरी कळवा. तारांवर आदळून मेलेल्या पक्ष्याची नोंद जिवंत पक्ष्याच्या नोंदीइतकीच कामाची असते.